छापील बाजू वर ठेवा

दुकानात दोन गोष्टी न बोलावता जमतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ निदान आम्ही दिवाळीच्या आधी एकदा झाडतो. किस्से झाडायची सोय नाही. ते गिऱ्हाइकाबरोबर येतात आणि गिऱ्हाईक गेलं तरी इथेच बसून राहतात.

आमचं दुकान लालबागला, एका चाळीच्या जिन्याखाली. मी आणि गावडे असे दोघे भागीदार. मी गिरगावचा, तोंडाने फटकळ. गावडे जन्माने लालबागचा आणि जिभेने मालवणचा. तो कमी बोलतो आणि माझ्या तोंडामुळे तुटलेली गिऱ्हाइकं परत जोडून आणतो. पाटीवर 'कॉम्प्युटर दुरुस्ती' असं लिहिलंय, पण हल्ली आमच्याकडे येतात ते फक्त सीडी-डीव्हीडीवाले. आताच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, आणि मोठ्या दुकानातली टाय लावलेली पोरं सांगतात, "काका, हे फेकून द्या." काका ते फेकत नाहीत. पिशवीत घालून आमच्याकडे आणतात.

ड्राइव्ह डिस्क वाचत नाही याची खरी कारणं चार-पाचच. लेन्सवर धूळ, डिस्कवर चरे, केबल सैल, नाहीतर लेझर म्हातारा झालेला. बाकीची सगळी कारणं ड्राइव्हसमोर खुर्चीवर बसलेली असतात.

*

पहिलं कारण म्हणजे दादरचे लेले सर. निवृत्त मराठीचे शिक्षक. पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा आमच्या पाटीवर 'दुरूस्ती' होतं. सरांनी रंगारी बोलावून तो रु ऱ्हस्व करून घेतला, मगच आत पाऊल टाकलं.

एकदा त्यांचा फोन आला. "नंदकुमार, ड्राइव्ह वाचत नाही."

मी फोनवरून सगळं विचारलं. दिवा लागतो? लागतो. फिरल्याचा आवाज येतो? येतो. मग? "मग तो म्हणतो, डिस्क घाला. आणि डिस्क तर आतच आहे. खोटं बोलतो." तीन दिवस हेच चाललं होतं. चौथ्या दिवशी मी दादरला गेलो. चौथा मजला, लिफ्ट नाही. बटण दाबलं, ट्रे बाहेर आला, आणि त्यात डिस्क पालथी.

"सर, छापील बाजू वर ठेवायची."

सरांनी चष्मा काढला. "का बरं?"

"अहो, ड्राइव्ह खालून वाचतो."

"तेच म्हणतोय मी. खालून वाचतो ना? मग छापलेलं खाली नको? कोऱ्या बाजूवर तो काय वाचणार, कपाळ?"

इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना उलट उत्तरं देतोय. त्या दिवशी डिस्क सुलटी करून जिना उतरलो. परत आल्यावर मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दुकानात लावलं, 'छापील बाजू वर ठेवा'. पुढच्या आठवड्यात सर आले, त्यांनी ते वाचलं आणि पेन काढून 'ठेवा'चं 'ठेवावी' केलं. म्हणाले, "गिऱ्हाइकाला आज्ञा करू नये."

*

गिरगावात आमच्याच गल्लीत प्रधान वहिनी राहतात. त्यांच्या मुलाचा कॉम्प्युटर म्हणजे मला टाळता न येणारं काम, कारण नाही म्हटलं तर आईला भाजी घेताना ऐकून घ्यावं लागतं. तक्रार अशी की ड्राइव्ह गाण्यांच्या डिस्क कशाबशा वाजवतो, पण डेटाची डिस्क घातली की घरघरतो आणि काहीच दाखवत नाही.

यंत्र दुकानात आणलं. गावडेने ड्राइव्ह उघडला आणि माझ्याकडे बघत राहिला. आत अक्षता होत्या. झेंडूची एक वाळलेली पाकळी होती. एक अख्खी सुपारी होती, ती मोटरला घासत होती. आणि लेन्सला कुंकू लागलं होतं, अगदी मधोमध, सवाष्णीला लावावं तसं.

मी वहिनींना फोन लावला.

"अरे, दसऱ्याला शस्त्रांची पूजा नाही का करत? आमच्या निखिलचं शस्त्र तेच."

"पूजा कराच हो. पण आत कशाला?"

"मी वरून गंध लावत होते रे. कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि त्याने आपणहून ताट पुढे केलं. आता पुढे केलेलं ताट रिकामं परत पाठवायचं? आपल्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा कुणी रिकामी पाठवत नाही."

मी फोन कानाशी धरून सुपारी उपसत होतो. वहिनींना वाटलं मी रागावलो. म्हणाल्या, "नाणंही ठेवणार होते. पण म्हटलं नको, विजेचं काम आहे, शॉक बसेल त्याला."

पुठ्ठ्यावर दुसरी ओळ आली, 'ड्राइव्हची पूजा बाहेरूनच करावी'. 'करावी' मी आधीच लिहून टाकलं.

*

सुधाकर राऊळ आले ते श्रावण लागल्यावर, आणि मग महिनाभर येतच राहिले. आमच्याच मागच्या चाळीत राहणारे, कचेरीतून निवृत्त झालेले, साधे गृहस्थ. लाल फडक्यात गुंडाळलेली एक डिस्क त्यांनी काउंटरवर ठेवली आणि फडक्याची गाठ अशी सोडली की मला वाटलं आतून देवाचा टाक निघतो की काय.

"देव्हाऱ्यात ठेवली होती," ते म्हणाले.

"अहो राऊळ, देव्हाऱ्यात ठेवली म्हणून डिस्क टिकत नाही. तेलाचा दिवा, उदबत्तीचा धूर, त्यापेक्षा कपाट बरं."

त्यांनी ते ऐकून घेतलं. डिस्कवर त्यांच्या वडिलांनी घातलेलं गाऱ्हाणं होतं. कोकणात घरच्या गणपतीपुढे सगळे हात जोडून उभे राहतात, घरातला वडीलधारा माणूस मोठ्याने देवाला गाऱ्हाणं घालतो. त्यात गावची दैवतं, राखणदार, घरचे पूर्वज यांची नावं क्रमाने घ्यायची असतात. प्रत्येक ओळ संपली की बाकीच्यांनी एका आवाजात म्हणायचं, "व्हय महाराजा." राऊळांचा गावचा गणपती भावकीत पाळीने असतो. यंदा बऱ्याच वर्षांनी पाळी त्यांच्या घराकडे आली होती. वडील नऊ वर्षांपूर्वी गेले. म्हणजे गाऱ्हाणं घालायचं सुधाकररावांनी, आणि त्यांना ते पाठ नव्हतं.

"एवढं महत्त्वाचं, तर वडील असताना कागदावर लिहून का नाही घेतलं?" मी माझ्या स्वभावाप्रमाणे विचारलं.

"बाबा होते तवा वाटायचं, बाबा आहेतच की."

मग म्हणाले, "नावांचा क्रम चुकला तर देव सांभाळून घेईल हो. भावकी नाय घेणार. चुलत्यांची पोरं उभीच आहेत. म्हणतील, मुंबयकराक गाऱ्हाणा येना नाय, सरा बाजूक."

मी डिस्क ड्राइव्हमध्ये घातली. दिवा लुकलुकला, थांबला, परत लुकलुकला, आणि पडद्यावर आलं की डिस्क रिकामी आहे. आमच्याकडे चार ड्राइव्ह आहेत. चारही ड्राइव्हचं एकमत झालं. आपल्याकडे असं एकमत सहसा होत नाही, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला.

"राऊळ, यात काही नाही. असलंच तर उडालंय."

"असं कसं? मी स्वतः ऐकलंय यावरून. घरच्या कॉम्प्युटरवर."

"तेव्हा असेल. आता नाही."

त्यांनी डिस्क परत फडक्यात बांधली. "सोमवारी येतो."

"सोमवारी काय वेगळं होणार आहे?"

"श्रावणी सोमवार आहे ना," राऊळ म्हणाले आणि गेले.

*

अडाणी माणसाचा मला राग येत नाही. शिकलेल्याचा येतो.

परळच्या एका टॉवरमधला आशिष नावाचा मुलगा, आयटीत नोकरी, गळ्यात हेडफोन. दुकानात आला तोच मला शिकवायला लागला. "अंकल, बेसिकली रिफ्लेक्टिव्ह लेयरचा इश्यू आहे. मी रिसर्च केलाय." त्याचं भाषण मी शांतपणे ऐकलं, कारण माझं लक्ष त्याच्या हातातल्या डिस्ककडे होतं. ती इतकी लखलखत होती की कल्हई केलेलं पातेलं लाजावं.

"काय लावलंस रे हिला?"

"व्हिडिओत टूथपेस्ट सांगितली होती. स्क्रॅचेस जातात."

"टूथपेस्टने एवढी चकाकत नाही."

त्याचा आवाज जरा उतरला. "घरात पेस्ट संपली होती. मग आजोबांची दात घासायची राखुंडी घेतली."

"आणि घासलीस कशाने?"

"किचनमध्ये तो काथ्या असतो ना, भांड्यांचा. दोन्ही साइडने घासली, प्रॉपर."

मी डिस्क वर धरली. तिच्यातून मला आमची ट्यूबलाइट दिसली, तिच्यावर बसलेली पालही दिसली. ड्राइव्हमध्ये घालायची गरजच उरली नव्हती. गावडेने डिस्क हातात घेतली, मागून-पुढून पाहिली आणि म्हणाला, "डेटा गेलो. पण दात काय हिचे आता पडूचे नाय."

हा मुलगा दिवसभर एका बँकेचा सर्व्हर सांभाळतो. त्या दिवसापासून मी थोडी रोकड घरी ठेवतो.

*

त्याच परळमधल्या दुसऱ्या एका टॉवरचे सेक्रेटरी देसाई. पूर्वी तिथे चाळ होती, देसाई तेव्हा नळावर भांडायचे. आता क्लब हाउसवरून भांडतात. माणूस वर गेला की आवाज खाली येतो असं म्हणतात, यांचा आला नाही.

"तुमचा ड्राइव्ह डिस्क खातो!" त्यांनी फोनवर दम दिला. ड्राइव्ह आमचा नव्हता, आम्ही दोन वर्षांपूर्वी फक्त त्याची केबल बदलली होती. पण देसायांच्या हिशेबी ज्याने हात लावला त्याची जबाबदारी. सोसायटीच्या इमारतीचे नकाशे एका डिस्कवर होते, रविवारी सभा होती आणि डिस्क आत गेली ती बाहेरच येत नव्हती.

"आणि आत गेल्यावर वाचते का?"

"वाचत असती तर तुम्हाला फोन केला असता का?"

कॅबिनेट दुकानात आलं, मागोमाग देसाईही. उचलतानाच आत काहीतरी खडखडलं. ड्राइव्हच्या वरच्या रिकाम्या जागेची पट्टी निघालेली होती आणि तिथे बोटभर फट होती. देसायांनी ट्रे कधी उघडलाच नव्हता. डिस्क त्या फटीतून आत सोडली होती, पेटीत पत्र टाकावं तशी. गावडेने बाजूचा पत्रा काढला. तळाशी एक नाही, सहा डिस्क पडल्या होत्या.

"सहा?"

"पहिली वाचेना, म्हणून दुसरी टाकून बघितली. माणूस ट्राय करणार ना!"

नकाशे होते, सभासदांची यादी होती, देसाईबाईंच्या मंगळागौरीचं शूटिंग होतं, मुलाच्या खेळाच्या दोन डिस्क होत्या. सहावी डिस्क मी हातात घेऊन बघत राहिलो. ती त्या ड्राइव्हबरोबर आलेली सॉफ्टवेअरची डिस्क होती.

"ही का टाकलीत?"

देसायांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "आत काही बिघडलं असेल तर तीच दुरुस्त करणार ना? म्हणून तर कंपनी देते."

*

राऊळ पहिल्या सोमवारी आले, दुसऱ्या सोमवारी आले, तिसऱ्या सोमवारीही आले. दर वेळी फडकं सोडायचे, मी डिस्क घालायचो, ड्राइव्ह रिकामी म्हणायचा, राऊळ फडकं बांधायचे. तिसऱ्या सोमवारी मी म्हणालो, "राऊळ, देवाला बेल वाहा, मला डिस्क नको." हे बोलायला नको होतं, पण बोललो.

गावडेने डिस्क माझ्या हातातून घेतली, दारात उजेडात नेली आणि तिरपी धरून बघत बसला. मग म्हणाला, "नंदूशेठ, ही रिकामी नाय. लिवलेला आसा. हडे बगा, आतल्या कड्याक रंग येगळो आसा."

मी पाहिलं. खरंच होतं. डिस्कवर जिथपर्यंत लिहिलेलं असतं तिथपर्यंतचं कडं जरा गडद दिसतं. ते मी इतक्या दिवसांत पाहिलंच नव्हतं. मी ड्राइव्हचं मत विचारत होतो.

मग उरलं एकच कारण. कधी कधी ड्राइव्हचा लेझर जागेवरून किंचित सरकलेला असतो. असा ड्राइव्ह डिस्क लिहितो तीही किंचित सरकलेली. ती दुसऱ्या कुठल्याही ड्राइव्हला कळत नाही. घरातल्या एखाद्याचं अक्षर असतं ना, त्याचं त्यालाच लागतं, तसलाच प्रकार.

"ज्येणा लिवल्यान, तोच वाचतलो," गावडे राऊळांना म्हणाला. "खयच्या कॉम्प्युटरार केलेली ही?"

राऊळांनी लाल फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "घरच्याच. मन्यानं केली होती."

मन्या म्हणजे मनोहर, त्यांचा धाकटा भाऊ. राहतो भायखळ्याला. म्हणजे इथून चालत गेलं तरी डिस्क गरम होणार नाही इतक्या अंतरावर.

"मग तो ड्राइव्ह?"

"त्याच्याकडे. वाटणीत कॉम्प्युटर त्याला गेला, डिस्क मला आली."

"मग मागवून घ्या की."

"आमचं बोलणं नाय. बाबांच्या वर्षश्राद्धापासून. आठ वर्षं झाली."

"भांडण कशावरून?"

"आयेचा पाटा-वरवंटा होता."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. आईचा पाटा-वरवंटा कोणी घ्यायचा यावरून दोघे भाऊ चार पाहुण्यांसमोर एकमेकांच्या अंगावर गेले. शेवटी कोणीतरी शहाण्याने न्याय केला. पाटा थोरल्याला, वरवंटा धाकट्याला. तेव्हापासून लालबागच्या घरात पाटा भिंतीला टेकून उभा आहे, भायखळ्याच्या घरात वरवंटा दार अडवायला ठेवलाय, आणि दोन्ही घरांत मिक्सर आहे. मी आयुष्यात भरपूर मूर्ख पाहिले, पण मूर्खपणाची इतकी सरळ वाटणी पाहिली नव्हती.

"तुमचं बरंय," मी म्हणालो. "डिस्क आणि ड्राइव्हचंही तेच केलंत."

"मी फोन करणार नाय," राऊळ उठले. "गाऱ्हाणा नाय झाला तर नाय. घालू देत चुलत्यांच्या पोरांना."

ते गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच डिस्क काउंटरवर राहिली होती, लाल फडक्यासकट. मी त्यांना हाक मारणार होतो. गावडेने माझा हात धरला.

*

गणपतीला दहा दिवस उरले होते आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यातच वरळी कोळीवाड्यातून एक मावशी आल्या. पिशवीतून त्यांनी डिस्क काढली. पिशवीला सुकटीचा वास. मी डिस्क त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली आणि ड्राइव्हमध्ये घातली. रिकामी.

दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली. रिकामी.

मग मी सुरू झालो. डिस्क कशी ठेवावी, कशात ठेवू नये, मासळीच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नये. मावशी "अरं दादा..." म्हणाल्या, मी "थांबा" म्हणालो. लेन्स पुसली. केबल बदलली. मावशी परत "अवं..." म्हणाल्या, मी म्हणालो, "ऐकून घ्या आधी." मग मी त्यांना लेझर सरकतो म्हणजे काय होतं ते राऊळांच्या डिस्कवरून समजावून सांगितलं. ज्याने लिहिलं तोच वाचतो. यात अर्धा तास गेला. गावडे आत तोंडावर रुमाल धरून बसला होता, मला वाटलं वासामुळे.

"आता मला सांगा," मी शेवटी म्हणालो, "ही डिस्क लिहिली कोणी?"

"कोणीच नाय."

"म्हणजे?"

"कोरी हाय ती. आताच तिकडच्या दुकानातून घेतली. माझ्या पोरीच्या लग्नाचे फोटू मोबाईलमधून हिच्यात घालून पायजेत. तिच्या सासूला मोबाईलवर दिसत नाय, टीव्हीवर बघते."

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"कवा सांगू? बाजारात शंभर बायांच्या मधी वरडून मासळी इकते मी. पण तुझ्यापुढं तोंड उघडायला फट गावली नाय."

संध्याकाळी पुठ्ठ्यावर तिसरी ओळ दिसली. अक्षर गावडेचं होतं. 'गिऱ्हाइकाक आधी बोलूक देवचा.' लेले सर नंतर येऊन गेले. त्यांनी ती वाचली, पेनही काढलं, पण सुधारलं काहीच नाही.

*

मनोहरला फोन गावडेनेच केला. मला तो करू देणार नव्हता.

धाकटे राऊळ म्हणाले, "ड्राइव्ह माझ्या वाटणीचा आहे. तो मी कुणाच्या हातात देणार नाय. मी स्वतः घेऊन येणार आणि काम झालं की काढून नेणार." हा निरोप थोरल्यांना दिला. ते म्हणाले, "डिस्क माझ्या वाटणीची आहे. ती लावताना मी समोर बसणार." म्हणजे दोघांनाही यायचं होतं, फक्त एकमेकांवर संशय घेऊन.

रविवारी सकाळी दोघे आले. सुधाकरराव वही-पेन्सिल घेऊन आले होते, नावं क्रमाने उतरवून घ्यायला. मनोहरने पिशवीतून ड्राइव्ह काढला. तोही फडक्यात गुंडाळलेला, आणि फडकं लालच. आमच्या दुकानात दोन स्टुलं मावतात, तीही गुडघ्याला गुडघा लावून. त्यावर हे दोघे तोंडं दोन दिशांना करून बसले.

आमचा पंखा जुना आहे, फिरताना खडखडतो. त्याचं बटण मनोहरच्या डोक्याशी होतं.

"नंदूशेठ," थोरले म्हणाले, "त्यांना सांगा, पंखा बारीक करा. आवाज करतो."

"नंदूशेठ," धाकटे म्हणाले, "त्यांना सांगा, उकडतंय."

दोघांच्या मध्ये मी. म्हणणार होतो, अरे मी काय पोस्टमन आहे? पण गावडेने माझ्या पायावर पाय ठेवला, आणि पुठ्ठ्यावरची तिसरी ओळ समोरच होती.

ड्राइव्ह जोडला. डिस्क घातली, छापील बाजू वर. दिवा लुकलुकला. फिरला, अडखळला, परत फिरला. सुधाकररावांच्या हातातली पेन्सिल वहीवर टेकलेली होती. मग दिवा लागला तो लागूनच राहिला, आणि पडद्यावर एकच फाइल आली. नाव 'बाबा'.

मी ती लावली. आधी खोकला ऐकू आला, मग म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज.

"बा देवा महाराजा! ह्या घरच्या, ह्या वाडयेच्या, ह्या वेशीवयल्या राखणदारा महाराजा..."

"व्हय महाराजा!" डिस्कमधून वीस-पंचवीस माणसांचा आवाज आला.

गावडे उभा राहिला. हात जोडून. पुढच्या ओळीला तोही म्हणाला, "व्हय महाराजा." मी गिरगावचा, मला यातलं काही कळत नाही, पण मीही उभा राहिलो.

सुधाकरराव भराभर लिहीत होते. दैवतांची नावं आली, पूर्वजांची आली. मग म्हातारा जरा थांबला, आणि त्याचा आवाज बदलला.

"...आणि ह्ये माझे दोन झील महाराजा, सुधाकर आणि मनोहर. एका पाट्यार वाटलेला खावन वाढले. त्येंका असोच एका पंगतीत बसव रे महाराजा..."

डिस्कमधले सगळे म्हणाले. त्यात दोन तरुण आवाज अगदी जवळचे होते. आणि त्याच वेळी दुकानातल्या दोन स्टुलांवरूनही आलं, हळू, एकदमच.

"व्हय महाराजा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पेन्सिल थांबली होती.

सुधाकररावांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मन्या, पंखो बंद कर रे. बाबांचो आवाज नीट ऐकाक येना नाय."

मनोहर उठला आणि त्याने पंखा बंद केला.